नाव मनात घ्या

रामलिंग दिवट्यांच्या बायकोच्या डोक्यातून निघालेल्या पहिल्याच रेघेने दवाखान्याच्या शिपायाची करंगळी तोडून नेली. शिपायाने ती फरशीवरून उचलली, फुंकर मारून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि हाताला फडकं गुंडाळलं.

"लक्षण चांगलं आहे," तो म्हणाला. "घट्ट रेघ कापते. कापायची थांबली की समजायचं, माणूस आतून उसवत चाललंय."

दिवट्यांना बरं वाटलं. "फार लागलं का हो?" असं त्यांनी विचारलंही, पण इतक्या हळू की ते शिपायाला ऐकू गेलं नाही.

दवाखाना इचलकरंजीत, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या एका कारखान्याच्या डोक्यावर होता. खालच्या यंत्रांनी सगळी इमारत दिवसभर दातखीळ बसल्यासारखी थरथरत असे. विसरायला लागलेली म्हातारी माणसं तिथं आणत. विसरणं वयाचं की रोगाचं, हे डॉक्टर पाटणकर मेंदूच्या आलेखावरून सांगत. माणसाला कॉटवर निजवायचं, डोक्याला बटणांची टोपी घालायची, प्रत्येक बटणाखाली चिकट मलम भरायचं आणि बटणांच्या वायरी यंत्राला जोडायच्या. यंत्राच्या पेना लांबच लांब कागदावर रेघा काढत. टेबलाच्या कडेला आला की कागद खाली वळे. रेघा वळत नसत. त्या सरळ पुढे खोलीत येत.

डॉक्टरांनी आल्या आल्याच दिवट्यांना नियम सांगून टाकला होता.

"रेघा घट्ट आल्या तर बाईंना घरी न्या. ढिल्या आल्या तर बाईंचा कागद होईल आणि तुम्ही तो घरी न्या. कागदाचा त्रास नसतो. कोरड्या जागी ठेवायचा, वाळवी लागू द्यायची नाही."

बाहेरच्या बाकांवर काखेत कागदाच्या गुंडाळ्या घेतलेली माणसं बसली होती. एकजण आपल्या गुंडाळीला मफलर बांधत होता. दिवट्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं, काहीही होवो, मी हिला चालवत घरी नेणार.

चहात मीठ पडत होतं, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. विकून टाकलेल्या मागांच्या शेडमध्ये जाऊन ती परक्याच्या सुताच्या कांड्या भरत बसली, तेव्हाही ते हसले होते. पण हल्ली सकाळी ते समोर आले की ती डोक्यावरून पदर घेई. लाजून घेते की परका पुरुष आला म्हणून घेते, हे त्यांना उमगत नव्हतं. विचारायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. उत्तर आलं असतं तर काय करायचं?

"आज्जी, डोळे मिटा," यंत्रापाशी बसलेली नाझनीन मुल्लाणी म्हणाली. "उघडा. मिटा."

दुसरी रेघ आली आणि दिवट्यांच्या चष्म्याची एक काच तिने दोन भागांत कापली. गालावरून रक्ताची धार लागली. दिवट्यांनी ती पुसली नाही. डॉक्टर येतील तेव्हा त्यांना दिसावी, असं त्यांना वाटलं.

"पहिल्यांदाच आलाय वाटतं?" शेजारून आवाज आला. "परात आणायची असती वो."

पलीकडच्या कॉटजवळ एक बाई पितळी परात तोंडापुढे धरून बसली होती. परातीवर इतके ओरखडे होते की ती किसणीसारखी दिसत होती. बाईचं नाव आक्काताई चौगुले. कॉटवर तिचे सासरे होते, पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. त्यांना पट्ट्यांनी बांधलं होतं. त्यांच्या रेघा वेताच्या छडीसारख्या सणसणत येत आणि समोरच्या भिंतीचा गिलावा उडवत. भिंतीतल्या विटा दिसू लागल्या होत्या.

"फार घट्ट आहेत हो," दिवटे हेव्याने म्हणाले.

"घट्ट? आमच्या मामंजींचं नाव काढलं की घरातली भांडी फळीच्या मागं लपत्यात. काल जावयाला उलटा टांगला. म्हणं, चोरी कबूल कर. कसली चोरी? तर ते त्यांनाबी ठावं न्हाई." तिने परात जरा खाली केली. "डॉक्टर म्हणत्यात, मेंदू ठणठणीत आहे, घरी न्या. म्या नवस बोललीया, चौंडेश्वरीला साडी नेसवीन, पण ह्येंच्या रेघा एकदा ढिल्या येऊ देत. गुंडाळी काय, पिठाच्या डब्यावर ठेवली तरी गप पडंल."

हवालदार डोळे मिटूनच म्हणाले, "कोण बोललं? नाव सांग."

"कोण न्हाई मामंजी. वारा हाय."

"वाऱ्याच्या बापाचं नाव सांग."

त्यांच्या रेघेने आक्काताईच्या परातीचा काठ कापून नेला.

नाझनीन कुणाकडेही न बघता काम करत होती. तिच्या एका कानाची पाळी नव्हती. "आज्जी, आता विचारते त्याचं उत्तर द्या. आज वार कुठला?"

"बाजाराचा."

"बाजार कधी असतो?"

"भाजी संपली की."

रेघ ताठ राहिली आणि खिडकीचा पडदा मधोमध कापून गेली. दिवटे स्टुलावर सरसावून बसले.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि हे."

"हे म्हणजे कोण? नाव सांगा."

दिवट्यांची बायको हसली. टोपीच्या वायरींतून हात काढून तिने पदराने तोंड झाकलं. "अगं बया. नाव कुठं घेत्यात होय?"

"घेत नाही की आठवत नाही?"

ती पदराआड पुन्हा हसली.

लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली होती आणि तिने नवऱ्याचं नाव कधीही उच्चारलं नव्हतं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हाही तिने नुसता घास भरवून वेळ मारून नेली होती. रेशनच्या रांगेत ती मुलाला पुढे करी. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने सांगितलं होतं.

"बाईसाहेब," दिवटे धीर करून म्हणाले, "आमच्यात बायका नाव घेत नाहीत. त्याला विसरणं धरू नका."

"काका, यंत्राला लाजबिज कळत नाही," नाझनीन म्हणाली. "आज्जी, तोंडाने नका घेऊ. नाव मनात घ्या. आलं तर रेघ उभी राहील. नाही आलं तर तुटेल."

खालचा कारखाना जेवणाच्या सुट्टीसाठी थांबला होता की काय कोण जाणे, पण खोली एकदम शांत झाली. मधल्या वेळात टेबलाखाली कागद साचत आला होता. आता तो त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आला होता आणि भिंती आधीपेक्षा जवळ होत्या.

बायकोचे डोळे मिटलेले होते. पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे फिरत होती, अंधारात फळीवर काही चाचपावं तशी. रेघ ताणली गेली. केसाएवढी झाली. मग दिवट्यांच्या नाकासमोर, काहीही आवाज न करता, ती तुटली. टोक खाली लोंबू लागलं.

कोष्ट्याला तुटलेला धागा दिसला की तो विचार करत बसत नाही. विचार करेपर्यंत कापडाला भोक पडतं. दिवट्यांनी जन्मभर एकच काम केलं होतं: माग थांबवायचा, दोन टोकं शोधायची, गाठ मारायची, माग सुरू करायचा. त्यांच्या डाव्या हाताने बायकोच्या रेघेचं टोक धरलं आणि उजव्या हाताने दुसरं टोक शोधलं. दुसरं टोक नव्हतं. जवळून हवालदारांची रेघ सणसणत चालली होती. दिवट्यांनी ती पकडली आणि दातांनी तोडली. त्यांचा वरचा ओठ फाटला, पुढचे दोन दात कागदात पडले. त्यांनी टोक जिभेने ओलं केलं, फासा टाकला आणि ओढलं. गाठ मोहरीएवढी बसली.

मग त्यांनी काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं.

आक्काताई परातीच्या वरून बघत होती. नाझनीन यंत्राची शाई बदलत होती.

"बांधली?" आक्काताई कुजबुजली.

"चुकून झालं हो. सोडतो."

"सोडू नका! कोण बघायलंय? तुम्हाला तुमची बाई पाहिजे, मला माझी गुंडाळी पाहिजे. एक बांधलीसा, आता बाकीच्या आपसूक येतील. धाग्याचं तुम्हास्नी मी काय सांगायचं?"

ते खरं होतं. हवालदारांच्या रेघा एकामागून एक वळल्या आणि गाठीतून पलीकडे जाऊ लागल्या. दिवट्यांच्या बायकोचा चेहरा आधी लाल झाला, मग जबडा पुढे आला. तिच्या रेघा इतक्या जोरात सुटल्या की ट्यूबलाइट फुटली, औषधांचं कपाट कमरेतून कापलं गेलं आणि नाझनीनची दुसरी पाळीही गेली. नाझनीनने पाळी उचलून कर्णफूल काढून घेतलं.

"डॉक्टर," तिने हाक मारली, "आज्जींच्या रेघा बघा."

डॉक्टर पाटणकर दारात आले तोच त्यांची कॉलर गळ्यापासून वेगळी झाली आणि हनुवटीखाली लाल रेघ उमटली. ते प्रसन्न झाले. "उत्तम! या वयात असा आलेख मी पाहिला नाही. बाई, नवऱ्याचं नाव काय?"

"रामलिंग सिद्धाप्पा दिवटे," ती मोठ्याने म्हणाली. "धंदा यंत्रमाग. अंगावर जुनी खूण, डाव्या पायाला भाजल्याची. पूर्वीचा गुन्हा नोंद नाही."

दिवट्यांनी आपलं नाव तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"घरी न्या," डॉक्टर म्हणाले आणि कॉलर शोधत निघून गेले.

पलीकडच्या कॉटवर हवालदारांच्या मुठी उघडल्या. पट्ट्या सैल झाल्या. पायाच्या बोटांकडून सुरुवात झाली. ते पांढरे, सपाट होत वर वर आले आणि चेहऱ्याशी पोचले तेव्हा त्यांच्या तोंडावर काही प्रश्न होता, तोही पुसला गेला. शिपायाने उरलेल्या बोटांनी त्यांना गुंडाळून आक्काताईच्या हातात दिलं. तिने गुंडाळी उलगडून पाहिली. एकही रेघ नव्हती.

"कोरा?" ती म्हणाली. तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही. "एवढ्याशा कागदाला भिऊन आम्ही दारामागं उभं राहून जेवत होतो होय?" तिने डब्यातली भाकरी आणि खर्डा काढून दिवट्यांच्या हातावर ठेवला. "खावा. तुमचे लई उपकार झाले. ओठाला झोंबंल तेवढं बघा."

दिवट्यांनी बायकोच्या डोक्यावरची टोपी काढली. मलमाने तिचे केस खडबडीत झाले होते. उजव्या कानामागे गाठ होती. बोटाला लागत होती. ती कॉटवरून उतरली, पदर कमरेला खोचला आणि त्यांची मानगूट धरून त्यांना जिन्याशी नेलं.

"चल," ती म्हणाली.

"अगं, पाय सांभाळ, जिना—"

पहिला फटका कानाखाली बसला. दिवटे भिंतीवर आदळले, भाकरी पायऱ्यांवरून घरंगळत गेली. ती कधी मुंगीसुद्धा झटकून टाकत नसे, फुंकर घालून हलवत असे. तोच हात होता. बोटांना कांड्या भरून पडलेले घट्टेही तेच होते.

"नाव?"

"मी... रामलिंग."

दुसरा फटका. "रामलिंग दिवटे वर कागदावर आहे. नाव मी स्वतः नोंदवलंय. तू कोण?"

येताना ते एक जिना चढून आले होते. आता प्रत्येक वळणाखाली आणखी एक वळण निघत होतं. प्रत्येक वळणावर बाक होतं, बाकावर गुंडाळ्या घेऊन नातेवाईक बसले होते. दिवटे पडत तेव्हा ती माणसं पाय वर घेत आणि रक्त लागू नये म्हणून गुंडाळ्या उंच धरत.

"काय केलं वो ह्यांनी?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नाव सांगत नाही," दिवट्यांची बायको म्हणाली.

"सांगून टाका की पाव्हणं," म्हातारा दिवट्यांना म्हणाला. "बाईमाणसाला किती दमवायचं? आमची आता मारायचंसुद्धा विसरली बघा." त्याने काखेतली गुंडाळी थोपटली.

"रामलिंग आहे हो माझं नाव," दिवटे त्या म्हाताऱ्याला म्हणाले. "आई चौंडेश्वरीची शपथ."

"समदे असंच म्हणत्यात," म्हातारा म्हणाला.

जिना अरुंद झाला. दोघांना शेजारी उभं राहता येईना. ती वरच्या पायरीवर, ते खालच्या. तिने त्यांचं डोकं कठड्यावर आपटलं, एकदा, मग त्याच जागी पुन्हा. दिवट्यांना तिचा चेहरा अगदी जवळून दिसला. दम लागून तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. कपाळावर कुंकवाखालून घाम येत होता. तिला बरं नसलं की असाच घाम येई, आणि मग ते तिला गवती चहा करून देत.

त्यांचा हात तिच्या उजव्या कानामागे गेला. गाठ तिथंच होती. नख घातलं असतं तर सुटली असती, त्यांनीच मारलेली होती. मग तिचा मारणारा हात थांबला असता. मग ती पायांकडून पांढरी होत आली असती आणि त्यांनी तिला उचलून काखेत धरली असती.

दिवट्यांनी हात मागे घेतला.

"हात कुठं घातला होतास?"

"कुठं नाही."

तिने तो हात धरला आणि बोटं एकेक करून मागे वाकवली. सुकलेल्या शेंगा फोडाव्यात तसा आवाज झाला. वरच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. दिवटे ओरडले नाहीत. ओरडायचं त्यांना कधी जमलंच नव्हतं. पण चौथ्या बोटापाशी त्यांच्या तोंडून एक नाव बाहेर पडलं. ते कुणाचं होतं त्यांना माहीत नव्हतं. गाठीसाठी हवालदारांची रेघ जिभेवर घेतली होती तेव्हा कदाचित तिथं लागून राहिलं असेल.

"सदा माने."

ती थांबली. बोट सोडलं. चेहऱ्यावरची रग उतरली आणि तिथं समाधान आलं, सण झाल्यावर चूल सारवून बसताना येई तसं. पदराच्या टोकाने तिने त्यांच्या ओठावरचं रक्त टिपलं.

"हां," ती म्हणाली. "आता कसं? बस."

दिवटे पायरीवर बसले. तीही वरच्या पायरीवर बसली, गुडघ्यावर हात ठेवून. इतकी जवळ ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती. डोक्यावरून पदरही घेतला नव्हता. खाली शेवटची पायरी दिसत होती, तिच्यापुढे दार, दारातून येणारं ऊन, उन्हात उभी असलेली रिक्षा. अजून थोडं बोललो की आपण घरी, असं दिवट्यांना वाटलं.

"सदा माने," ती मायेने म्हणाली, "काय केलंस ते सांग. लपवू नको."

"खून केला," दिवटे म्हणाले. तिला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले.

"कुणाचा?"

त्यांनी तिच्या कानामागे पाहिलं.

"बायकोचा."

"नाव काय तिचं?"

दिवट्यांनी तोंड उघडलं.

पन्नासच्या वर वर्षं ते तिला हाक मारत आले होते. मागाच्या खडखडाटातून मारली होती, बाजारातून, मोरीतून, तापात. त्यांनी मागे मागे जाऊन एकेक हाक उचलून पाहिली.

"अगं," ते म्हणाले.

"हे नाव नाही."

"अगं, ऐक..."

"नाव सांग. मनात असेल तर बाहेर काढ."

जिना आता एवढा अरुंद झाला होता की दिवट्यांचे दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना टेकले होते. वरच्या वळणांवरची माणसं गुंडाळ्या घेऊन उठली होती आणि वाकून ऐकत होती. ती उभी राहिली. तिने हात उचलला, डोक्याच्याही वर. मनगटावर दवाखान्याने बांधलेली प्लास्टिकची पट्टी होती. दारातलं ऊन तिच्यावर पडलं. पट्टीवर निळ्या शाईत तिचं नाव लिहिलेलं होतं. दिवट्यांनी फुटक्या काचेतून डोळे बारीक केले. पहिलं अक्षर लागत होतं. हात खाली यायला लागला.